दुसऱ्या दिवशी विचारणारे इब्राहिमचाचा

आमच्या शेजारचे इब्राहिमचाचा सांगितलेली गोष्ट त्याच दिवशी परत सांगत नाहीत आणि कुणाकडून ऐकूनही घेत नाहीत. त्यांना काही सांगायचं असेल तर ते एकदाच सांगतात, सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. समोरचा ‘म्हणजे असं ना, चाचा?’ म्हणून घोकायला लागला की हात वर करून त्याला थांबवतात. “आज नको. उद्या विचारीन.” आणि उद्या ते खरंच विचारतात. बाजारात, चालती रिक्षा थांबवून, एकदा तर कुणाच्या साखरपुड्यात जेवायला बसलेल्या माणसाला, घास तोंडात असताना.

यातून कुणाची सुटका नाही. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस मोबाइलवर आलेला नंबर विचारतो. चाचा मोबाइल उघडतात, नंबर वाचतात, मोबाइल खिशात ठेवतात आणि म्हणतात, “वाचला. उद्या ये, सांगतो.” पहिल्या वेळी तो माणूस हसला. दुसऱ्या वेळी त्याने सिलिंडर पुन्हा टेम्पोत चढवला. आता तो आधी आमच्याकडे येतो आणि माझी आई चाचांचा मोबाइल मागून आणून त्याला नंबर वाचून दाखवते. तरी दुसऱ्या दिवशी चाचा टेम्पो गाठतात आणि तोच नंबर त्याला पाठ म्हणून दाखवतात. त्याचा आता काही उपयोग नाही, हे त्यांना कळतं. पण आपला नंबर चुकलेला नाही, हे त्या माणसाला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा डॉक्टरांनी त्यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा दवाखान्यात हजर. डॉक्टरांना वाटलं, विसरले असतील. चाचांनी डॉक्टरांनाच विचारलं, काल मला काय सांगितलंत? डॉक्टरांना काही आठवेना, ते कागद शोधायला लागले. चाचांनी घरी येऊन जाहीर केलं की डॉक्टर हुशार आहे, पण त्याचं सगळं तोंडातलं आहे.

हा त्यांचा ठरलेला शब्द. “आज विचारलं तर तोंड सांगतं. उद्या विचारलं तर डोकं सांगतं.” ज्याचं तोंडातलं, त्याच्या हातात चाचा होडीचं सुकाणू देत नसत.

कारण चाचा तांडेल होते. होडीचा प्रमुख, जाळं कुठं टाकायचं ते ठरवणारा. माझे बाबा त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं खलाशी होते. तेव्हा होडीवर जीपीएस नव्हतं. होत्या त्या खुणा. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, म्हणजे समजा दीपगृह आणि त्याच्यामागचं एखादं झाड, समुद्रातून एकामागे एक आल्या की एक सरळ रेघ झाली. दुसऱ्या बाजूच्या दोन वस्तू तशाच जुळल्या की दुसरी रेघ. या दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात, ती जागा. तिथं सुरमई लागते, किंवा तिथं पाण्याखाली खडक आहे आणि जाळं फाटतं. अशा त्रेपन्न खुणा चाचांच्या डोक्यात आहेत. त्यांतली एकही त्यांनी कधी लिहिलेली नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना एका दिवशी एकच खूण दाखवली होती आणि दुसऱ्या दिवशी विचारली होती. चाचांची सगळी विद्या ती एवढीच.

जीपीएस आल्यावर खुणा मागे पडल्या. पण दोन वर्षांपूर्वी बाबा ज्या होडीवर होते तिची बॅटरी भर दुपारी गेली आणि सोबत जीपीएसही, त्यात साठवलेल्या सगळ्या जागांसकट. तांडेल नवा मुलगा, घाबरला. त्याने चाचांना फोन लावला. मी तेव्हा चाचांना आईने दिलेलं कालवण नेऊन द्यायला गेले होते, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलं आहे. चाचा भाकरी मोडत होते. त्यांनी विचारलं, काय दिसतंय? तो म्हणाला, डोंगर.

“डोंगर मला पण दिसतोय, मी घरात बसलोय. डोंगराखाली काय?”

तो म्हणाला, टॉवर.

“टॉवरच्या डाव्या अंगाला पांढरी मशीद उघडली काय? दिसते काय?”

तो म्हणाला, अर्धी.

“मग पुढं जा. पुरी झाकली की थांब. अर्धी असताना जाळं टाकलंस तर जाळं माझ्या बापाच्या वेळच्या खडकाला देशील.”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, कालवणात कोकम कमी पडलंय, आईला सांग. त्या दिवशी होडी भरून आली. बाबा अजून पाहुण्यांना हे सांगतात, आणि सांगताना मशिदीच्या जागी स्वतःची हनुवटी धरून दाखवतात.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात चूक माझी आहे. मी रत्नागिरीतच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वर्गात मला येत असलेलं उत्तरही मी मनातल्या मनात दोनदा म्हणून बघते, तोवर दुसरं कुणी ते देऊन मोकळं होतं. यंदा प्रत्येकाला एका विषयावर दहा मिनिटं बोलायचं होतं, कागद न घेता. विषय चिठ्ठ्या टाकून दिले. माझ्या चिठ्ठीत आलं, आठवण तयार होताना मेंदूतल्या जनुकांचं नियंत्रण. माझ्या शेजारच्या मुलीला गांडुळाचं पचन मिळालं होतं. मी तिच्याकडे फार आशेनं बघितलं, पण तिने चिठ्ठी मुठीत धरून ठेवली.

मी अंगणात येरझाऱ्या घालत पाठ करायला लागले. तिसऱ्या दिवशी चाचा कुंपणापाशी आले. “काय पुटपुटतंस गो बाय? रोज तेच, आणि रोज वेगळ्याच जागी अडतेस.” मी सांगितलं. ते अंगणात येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, मला सांग, एकदाच, कागद बाजूला ठेवून.

मग मी त्यांना सांगितलं. आपण काही शिकतो तेव्हा मेंदूतल्या पेशींमधले सांधे थोडा वेळ घट्ट होतात. त्याला पेशीत आधीपासून असलेला माल पुरतो, पण ते टिकत नाही. टिकायचं असेल तर निरोप पेशीच्या आत, तिच्या केंद्रापर्यंत जावा लागतो. तिथं डीएनए रिळावर दोरा गुंडाळावा तसा घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. निरोप आला की लागतो तेवढाच भाग सैल होतो, तिथली जनुकं चालू होतात, त्यांच्या सांगण्यावरून नवीन प्रथिनं तयार होतात आणि ती जाऊन तो सांधा पक्का करतात. काम झालं की पुन्हा गुंडाळतात. या सगळ्याला काही तास लागतात.

चाचा म्हणाले, जाळ्याचंही तसंच. सगळं कुणी सोडत नाही, लागेल तेवढंच सोडतात, बाकीचं होडीत गुंडाळलेलं असतं.

मी सांगितलं की उंदरांवर प्रयोग झाले आहेत. शिकवल्याबरोबर त्यांच्या मेंदूत नवीन प्रथिनं होऊ दिली नाहीत, तर उंदराला शिकवलेलं थोडा वेळ आठवतं, पण दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

चाचा खुर्चीत पुढं सरकले. “उंदराला दुसऱ्या दिवशी विचारतात?”

मी म्हटलं, हो.

“त्याच दिवशी नाय?”

त्याच दिवशी पण विचारतात, मी म्हटलं, पण पक्कं झालं का ते दुसऱ्या दिवशीच कळतं.

चाचा उठले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, “त्यांना हे कुणी शिकवलं?”

त्या दिवसापासून चाचांची चाल बदलली. बंदरावर, चहाच्या टपरीवर, नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर ते सांगायचे की कॉलेजात आता त्यांच्या बापाचं शिकवतात. मलाही त्यांनी पाठांतर बंद करायला लावलं. रोज एकच मुद्दा सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणून दाखवायचा. असे अकरा मुद्दे. एका मुद्द्यात मी रिळाचं सांगताना अडले तर ते म्हणाले, “हे अजून तोंडातच हाय. आज नवीन काय नको.”

आता माझी चूक. एका संध्याकाळी मी घाईत म्हणाले, म्हणजे बघा चाचा, शेवटी आठवण टिकते ती जनुकांमुळे. चाचांनी विचारलं, जनुक म्हणजे बापाकडून पोराकडं जातं तेच ना? मी म्हटलं, हो, तेच. ते उठले आणि आईने केलेला चहा न घेता घरी गेले. मला वाटलं, कंटाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वस्तीला कळलं होतं की इब्राहिमचाचांच्या त्रेपन्न खुणा कुवेतला पोचल्या आहेत. त्यांचा मुलगा तिथं एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहे, नातू अयान अकरा वर्षांचा आहे. चाचांचा हिशोब सरळ होता. खुणा डोक्यात पक्क्या झाल्या त्या जनुकांमुळे, जनुकं गेली मुलात, मुलाकडून अयानमध्ये. मे महिन्यात पोरगा येईल, त्याला होडीत उभा केला की झालं. आपोआप बोट दाखवील.

हे सगळे हसून ऐकायचे, बाबा सोडून. बाबा गेलं वर्षभर चाचांच्या मागे लागले होते की खुणा त्या नव्या तांडेलाला द्या. चाचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मोठ्या मुश्किलीनं ते तयार झाले होते, आणि आता त्यांनी सांगून टाकलं, गरज नाय, रक्तात गेल्यात. बाबांनी घरी येऊन माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, हे असं खरंच असतं काय गो? मी मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांना तसं सांग, बाबा म्हणाले. तूच सांगितलंस, तुझंच ऐकतील.

मी गेले. म्हटलं, चाचा, काल मी सांगितलं ते अर्धंच होतं. चाचांनी हात वर केला आणि माझं कालचं वाक्य अक्षरन् अक्षर म्हणून दाखवलं. विचारलं, बरोबर? मी म्हटलं, बरोबर, पण. ते म्हणाले, बरोबर आलं की पुढं ‘पण’ नसतो. त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की माझ्याच्यानं पुढं बोलवलं नाही. पुढचे चार दिवस मी रोज ठरवून गेले आणि रोज मुद्दे म्हणून परत आले.

भाषणाच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. पालक येणार म्हणून मॅडमनी सगळ्यांना मराठीत बोलायला सांगितलं होतं. बाबा समुद्रावर होते आणि आईला कॉलेजच्या फाटकातून आत यायची भीती वाटते, म्हणून चाचा आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, टोपी, अत्तर. दारात पालकांची वही होती. त्यात विद्यार्थ्याशी नातं या रकान्यात त्यांनी लिहिलं, तांडेल.

माझ्या आधी एक मुलगा तळहातावर लिहून आणलेलं वाचत होता. चाचा शेजारच्या पालकांना म्हणाले, हळू म्हणून म्हणाले पण सगळ्या खोलीला ऐकू गेलं, की पोराचा हात चांगला बोलतो.

मग मी उभी राहिले. टेबलावर कागद नव्हता. पण मुद्दे एकामागे एक येत गेले. मी मेंदूचं चित्र दाखवलं, रिळाचं सांगितलं, जाळ्याचं सांगितलं आणि ते उदाहरण कुणाचं तेही सांगितलं. चाचांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं.

शेवटी बाहेरून आलेल्या सरांनी प्रश्न विचारला. आईवडील आयुष्यभर जे शिकले, ते मुलांना जन्मतः आठवेल का?

मी या वेळी उत्तर मनात म्हणून बघितलं नाही. वेळ काढला असता तर मी ते दिलंच नसतं. मी म्हटलं, नाही सर. शिकल्यामुळे जनुकांमधली अक्षरं बदलत नाहीत. कुठली चालू आणि कुठली बंद, एवढंच बदलतं, आणि तेही त्या माणसाच्या मेंदूतल्या त्या पेशींमध्ये. काही प्राण्यांमध्ये आईबापांनी सोसलेल्या ताणाचा थोडा परिणाम पिल्लांमध्ये दिसतो म्हणतात. पण शिकलेला रस्ता, ओळखीचा चेहरा, हे जन्मानं पुढं जात नाही. ते त्या माणसाबरोबरच जातं.

खोलीत सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या चाचांनी. उभं राहून, होडी धक्क्याला लागताना खलाशी वाजवतात तशा मोठ्या.

परतताना रिक्षात ते रिक्षावाल्याला म्हणाले, “हिनं आज मला खोटं पाडलं. सगळ्यांसमोर. कागदाकडं न बघता.” त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की रिक्षावाल्यानं माझं अभिनंदन केलं. पण त्यानंतर घर येईपर्यंत ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले, आणि मी बाहेर माडांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते आमच्या अंगणात आले. उभ्या उभ्याच त्यांनी माझं उत्तर म्हणून दाखवलं. अक्षरं, चालू, बंद, पिल्लं, सगळं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग खाली बसले.

“त्या माणसाबरोबर जातं?”

मी म्हटलं, हो चाचा. पण त्याने कुणाला सांगितलं असेल तर त्याच्या मेंदूत पुन्हा नवीन तयार होतं. पहिल्यापासून.

ते अंगणातल्या जांभ्या दगडाकडे बघत होते. म्हणाले, अयान येतो तो आठ दिवस. त्यांतले दोन दिवस आजोळी जातात. सहा खुणा होतील. नवा तांडेल एवढं थांबून शिकणारा नाही, दर मिनिटाला मोबाइल बघतो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाकीच्या तू घे. नंतर अयानला दे.”

मी म्हटलं की मी मुलगी आहे, मी कधी समुद्रावर गेले नाही आणि मला तर एसटीत पण उलटी होते.

“मुलगी असलीस तर काय झालं? मेंदू हाय ना. काल चित्रात तूच दाखवलास.”

आई नको म्हणाली, मग बाबांनी तिला समजावलं, मग तिने मला पिशवीभर आवळासुपारी दिली. परीक्षेआधीच्या सुट्टीत मी रोज सकाळी चाचांबरोबर एका छोट्या होडीतून जायला लागले. बाबा आम्हाला धक्क्यावरून ढकलून द्यायचे आणि स्वतःची होडी अजून यायची असल्यासारखे उगाच तिथं उभे राहायचे. पहिल्या दिवशी मी दोनदा ओकले. चाचा म्हणाले, झालं? आता होडी हलकी झाली, आता बघ. एका दिवशी एक खूण. आमच्या घरातली एकही बाई जिथं कधी गेली नव्हती तिथून मी माझं गाव पाहिलं, आणि ते किती लहान आहे आणि त्यातली प्रत्येक वस्तू किती कामाची आहे हे बघून मला रडू आलं. चाचा म्हणाले, वारा लागतो डोळ्यांना, होतं असं.

एप्रिलच्या शेवटी माझ्या एकतीस खुणा झाल्या होत्या. एका सकाळी चाचांनी होडी नेहमीपेक्षा जवळ, उत्तरेच्या अंगाला घेतली आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, दीपगृह त्या वाकड्या माडावर आलं काय बघ. आलं होतं. म्हणाले, आता दोन छपरांच्या मध्ये बघ. दोन कौलारू छपरांच्या फटीत एक निळं दार दिसत होतं. ते चाचांच्या घराचं मागचं दार होतं.

मी विचारलं, इथं काय लागतं? सुरमई की बांगडा?

“इथं मासा नाय. ही चोपन्नावी. अयानच्या बापाला पण सांगितलेली नाय.”

मग ते दाराकडे बघत बोलले. हमिदाचाची रोज दुपारी त्या दारात येऊन उभ्या राहायच्या, होडी आली का बघायला. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. एवढ्या होड्यांत चाचांची कुठली ते त्यांना तिथून ओळखू यायचं नाही. पण चाचांना त्या दिसायच्या. म्हणून घरी येताना ते इथं थोडा वेळ होडी थांबवायचे. खलाशी विचारायचे, चाचा, इथं काय हाय? चाचा सांगायचे, खडक हाय, जपून.

मला एकदम आठवलं की बाबा अजूनही या जागेला वळसा घालून जातात. बाबाच नाही, बंदरातल्या सगळ्या होड्या जातात. मी म्हटलं, चाचा, बाबांना काय सांगू?

“खडक हाय म्हणून सांग.”

होडी प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत होती. सरकली की दार छपरामागे जायचं, आणि चाचा दोन वल्ही मारून ते पुन्हा उघडायचे. असं चार-पाच वेळा झालं. मग त्यांनी वल्हं माझ्या हातात दिलं.

“तू धर,” ते म्हणाले. “मी जरा बघतो.”